काडतुसांची निवड (रायफल नेमबाजी)
आपल्या रायफलीच्या नळीला मानवणारी काडतुसे चाचणीने ठरवण्याची पद्धत. मोठ्या बोअरच्या (नळीच्या व्यासाच्या) रायफली वापरणारे काही नेमबाज रिकाम्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरून अचूकता साधतात. ५० मीटर स्पर्धेतील ०.२२ काडतुसात ते जमत नाही. पेटवणारे द्रव्य पुंगळीच्या काठातच असते आणि आघाताने तो काठ चेपतो. म्हणून रायफल पक्की आवळून वेगवेगळ्या लॉटच्या (उत्पादन-गटांच्या) गोळ्या झाडतात. ज्याची छिद्रे सर्वांत जवळ पडतात, तोच लॉट साठवतात. दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिमी. व्यासाचे असल्याने ही चिकाटी अनाठायी नव्हे. याच अंतरावर कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्यूनिक येथे विश्वविजेत्या ठरल्या, तर कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले.