मिरीचं सार आणि बाळंतिणीची वाटी

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत चुलीवर एक वेगळंच पातेलं चढलं होतं. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजेरिया देशातलं मटणाचं तिखटजाळ सार! तिकडे त्याला 'पेपर सूप' म्हणतात. परदेशी पदार्थ आपल्याला कसा जमायचा, असं आधी आम्हालाही वाटलं. पण यात फोडणी नाही, वाटण नाही, खोबरं नाही. आपल्या आळणी रश्श्याचा हा तिखट भाऊच म्हणा ना.

अर्धा किलो बोकडाचं मटण हाडासकट घ्यायचं आणि कांदा-मीठ घालून भरपूर पाण्यात शिजत ठेवायचं. निम्मं शिजलं की भाजून कुटलेला मसाला आणि ठेचलेली मिरची घालायची. तिकडे सुकी बारीक कोळंबी कुटून घालतात, आम्ही सुका जवळा घातला. उतरवताना रामतुळशीची पानं चिरून टाकायची. हो, आपल्या परसातलीच रामतुळस, तीच तिकडेही घालतात. मसाल्यात 'उझिझा' असते, ती आपल्या काळ्या मिरीची सख्खी बहीण. 'एहुरू' नावाच्या बीला जायफळासारखा वास येतो. 'उडा' म्हणजे धुरकट वासाच्या काळ्या शेंगा. त्या आपल्याकडे कुठल्या मिळायला? आम्ही मिरी आणि चिमूटभर जायफळावर भागवलं.

आता गंमत ऐका. या साराला मिरचीचा झणका आहे, पण मिरची मुळात आफ्रिकेची नाही, तशी ती आपलीही नाही. ती अमेरिका खंडातली. 1492 मध्ये कोलंबस तिकडे पोचला आणि त्यानंतर जहाजांबरोबर मिरची जगभर फिरली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणि आपल्या गोव्याकडे ती आणण्यात पोर्तुगीजांचा मोठा हात. म्हणजे तिकडची चूल आणि आपली चूल साधारण एकाच काळात लाल झाली. त्याआधी दोघींकडेही तिखटाला मिरीच होती.

त्या मिरीचंही एक दुखणं आहे. वास्को द गामा कालिकतला पोचला 1498 मध्ये. त्याच्या आधीच पोर्तुगीज आफ्रिकेतल्या बेनिन राज्यातून तिथली मिरी युरोपात नेत होते. पण भारताची मिरी हाती आल्यावर तिचा भाव पडू नये म्हणून त्यांच्या राजाने बेनिनच्या मिरीचा व्यापार बंद केला. माल तोच, पिकवणारे तेच, गिऱ्हाईक मात्र एका हुकुमाने गेलं. बाजारभाव दुसऱ्याच्या हातात असला की काय होतं, हे कांदा लावणाऱ्या बायांना आम्ही काय सांगावं! आणि त्याच किनाऱ्यावरून पुढे माणसंही गुलाम म्हणून जहाजांत भरली गेली, हे विसरून चालायचं नाही.

एवढं होऊनही सार टिकलं, ते घराघरांतल्या बायकांमुळे. तिथल्या इग्बो समाजात 'ओमुग्वो' नावाची रीत आहे. मुलगी बाळंत झाली की तिची आई तिच्या घरी जाऊन राहते. बाळाला न्हाऊ घालते, लेकीचं अंग शेकते आणि उडा-उझिझा घातलेलं गरम सार रोज तिच्या पुढ्यात ठेवते. त्याने पोट साफ होतं, दूध उतरतं, अशी तिथली समजूत. आपल्याकडे बाळंतिणीला तिखट वर्ज्य. कोण बरोबर, या वादात आम्ही पडत नाही. वाटी समोर ठेवणारं कुणीतरी आहे, हे महत्त्वाचं.

हे ऐकताना आमच्यातली एक जण गप्प झाली. मग म्हणाली, "माझ्या दुसऱ्या मुलीच्या वेळी आई ऊसतोडीला गेलेली. पाचव्या दिवशी मीच चूल पेटवली. मटण राहू द्या, डिंकाचा लाडूसुद्धा कुणी दिला नाही."

बराच वेळ कुणी बोललं नाही. पातेल्यातलं सार निवत चाललं होतं. मग आमच्या अध्यक्षा ताईंनी वही उघडली. गावात सध्या तिघी जणी दिवसांत आहेत, त्यातल्या दोघींच्या आया कारखान्यावर. पहिले पंधरा दिवस कुणाच्या घरून कधी डबा जाईल, ते त्याच वहीत पाळीने लिहून घेतलं. पहिली पाळी तिनेच मागून घेतली.