भूस्थिर उपग्रहांचे अवकाशीय पर्यावरण
पृथ्वीला स्वतःभोवती फिरण्यास लागणाऱ्या काळात, म्हणजे सुमारे २३ तास ५६ मिनिटांत, तिच्याभोवती एक फेरी पूर्ण करणाऱ्या उपग्रहास भूसमकालिक उपग्रह म्हणतात. त्याची कक्षा वर्तुळाकार व विषुववृत्ताच्या पातळीत असल्यास तो पृथ्वीवरून स्थिर भासतो व त्यास भूस्थिर उपग्रह म्हणतात. ही कक्षा भूपृष्ठापासून सुमारे ३५,७८६ किमी. उंचीवर आहे.

अशा कक्षेतील तीन स्थानकांद्वारे जगभर संदेशवहन करण्याची कल्पना आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ मध्ये मांडली. पृथ्वीभोवतीच्या प्रारण पट्टांचा शोध तेव्हा लागलेला नव्हता. तो जेम्स व्हॅन ॲलन यांनी १९५८ मध्ये लावला. सिंकॉम–३ हा पहिला भूस्थिर उपग्रह १९६४ मध्ये सोडण्यात आला. मात्र या कक्षेतील पर्यावरणाचे खरे स्वरूप उपग्रहांच्या प्रत्यक्ष अनुभवातूनच उलगडत गेले.

ही कक्षा बाह्य प्रारण पट्टाच्या बाहेरील भागातून जाते. भूचुंबकीय क्षोभाच्या वेळी रात्रीच्या बाजूस उष्ण आयनद्रायू तीत शिरतो व त्यातील इलेक्ट्रॉन उपग्रहाच्या पृष्ठभागावर साचतात. सूर्यप्रकाशामुळे पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर पडत असल्याने हा ऋण भार एरवी मर्यादित राहतो. विषुवदिनांच्या सुमारास मात्र उपग्रह दररोज जास्तीत जास्त सुमारे ७२ मिनिटे पृथ्वीच्या छायेत असतो. अशा ग्रहणकाळात एटीएस–५ (१९६९) या उपग्रहाचे वर्चस् उणे १०,००० व्होल्टच्या आसपास गेल्याचे आढळले. एटीएस–६ (१९७४) या उपग्रहावरही अशा मापनाची उपकरणे होती. याच उपग्रहाद्वारे १९७५-७६ मध्ये भारतातील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम पोहोचले. विद्युत् भारणाच्या खास अभ्यासासाठी अमेरिकेने १९७९ मध्ये स्कॅथा हा उपग्रह सोडला.

अधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन उपग्रहाचे आवरण भेदून आतील निरोधक पदार्थांत साठतात व अचानक होणाऱ्या विद्युत् विसर्जनाने इलेक्ट्रॉनीय मंडले बिघडतात. जानेवारी १९९४ मध्ये कॅनडाच्या ॲनिक ई–१ व ई–२ या उपग्रहांचे स्थितिनियंत्रण याच कारणाने बिघडले आणि त्या देशातील दूरचित्रवाणी, दूरध्वनी व वृत्तसेवा विस्कळीत झाल्या. ई–१ काही तासांत पूर्ववत झाला. ई–२ ला काही महिने लागले.

दुरुस्तीसाठी आजवर कोणीही अंतराळवीर या कक्षेत गेलेला नाही. म्हणून विद्युत् संवाहक लेप, सर्व पृष्ठभागांची परस्पर विद्युत् जोडणी व पुरेसे आवरण यांची योजना उपग्रह सोडण्यापूर्वीच करावी लागते.