भूमिगत चित्रपट आणि त्यांचे प्रेक्षक

‘भूमिगत’ हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांपुढे १९४२ साल उभे राहते. रातोरात छापलेली पत्रके, बदललेली नावे, गुप्त नभोवाणी केंद्र हे सारे आठवते. आज आपण ज्या भूमिगत चित्रपटांचा विचार करणार आहोत, ते न्यूयॉर्कमधले. त्यांचा इतिहास सांगताना बहुधा कलावंतांचीच नावे घेतली जातात. पण आमच्या मते हा इतिहास कलावंतांइतकाच प्रेक्षकांचाही आहे.

प्रथम साधनांकडे पाहू. १९२३ साली कोडॅक कंपनीने १६ मिलिमीटर रुंदीची फिल्म विक्रीस आणली. चित्रगृहांतील ३५ मिलिमीटरची फिल्म त्या काळी नायट्रेटची असे व चटकन पेट घेई. नव्या फिल्मला तो धोका नव्हता. ती घरात, शाळेत, सभागृहात दाखविता येई. १९४३ साली माया डेरेन यांनी पती अलेक्झांडर हॅमिड यांच्यासह लॉस एंजल्समधील राहत्या घरी याच फिल्मवर ‘मेशेस ऑफ दि आफ्टरनून’ हा १४ मिनिटांचा चित्रपट केला. एक किल्ली, एक सुरी, एक फूल आणि स्वतः डेरेनबाई, एवढ्यावर तो उभा आहे. असला चित्रपट कोणता चित्रगृहवाला घेणार? तेव्हा १९४६ साली बाईंनी न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेज भागातील प्रोव्हिन्सटाउन प्लेहाउस हे लहानसे नाट्यगृह भाड्याने घेऊन आपले चित्रपट स्वतःच दाखविले.

यावरून एमॉस व्होगेल या तरुणाला वाट सापडली. नाझींमुळे १९३८ साली त्यांना व्हिएन्ना सोडावे लागले होते. १९४७ साली पत्नी मार्शिया यांच्यासह त्याच नाट्यगृहात त्यांनी ‘सिनेमा १६’ सुरू केला. परंतु न्यूयॉर्क राज्यात सार्वजनिक खेळापूर्वी चित्रपटाचा परवाना घ्यावा लागे. व्होगेल यांनी तोड काढली ती वर्गणीदार सभासदांची! सभासदांपुरता खेळ खासगी ठरला आणि परवान्याची अट टळली. वर्गणीची रक्कमही आधीच हाती येऊ लागली. पुढे सभासद सुमारे ७,००० झाले. १९५९ च्या नोव्हेंबरात त्यांनी येथे ‘पुल माय डेझी’ पाहिला. रॉबर्ट फ्रँक व आल्फ्रेड लेस्ली यांच्या या चित्रपटात जॅक केरुॲक यांचे निवेदन आहे आणि कवी ॲलन गिन्सबर्ग यांची भूमिका. हेच गिन्सबर्ग १९६२ साली मुंबईत आले होते.

मात्र व्होगेल चित्रपट स्वतः निवडीत. स्टॅन ब्रॅकेज यांचा एक चित्रपट त्यांनी नाकारला, तेव्हा निर्मात्यांत नाराजी पसरली. १९६२ साली मूळचे लिथुआनियाचे कवी योनास मेकस व त्यांच्या सोबत्यांनी ‘फिल्म-मेकर्स कोऑपरेटिव्ह’ काढली. तेथे निवड नव्हती. जो चित्रपट आणील त्याचे नाव यादीत लागे. दुसऱ्याच वर्षी ‘सिनेमा १६’ बंद पडला. १९६४ च्या मार्चमध्ये जॅक स्मिथ यांचा ‘फ्लेमिंग क्रीचर्स’ पोलिसांनी अश्लील म्हणून जप्त केला. मेकस यांना अटक झाली, शिक्षाही झाली. ती स्थगित राहिली एवढेच. परवान्याची पद्धत न्यूयॉर्कात १९६५ साली संपली.

व्होगेल व मेकस यांत कोणाचे बरोबर? निवडीवाचून प्रेक्षकाला भरवसा वाटत नाही, आणि निवड एकाच्या हाती राहिली की एखादा नवा कलावंत दाराबाहेरच राहतो. पुढे १९७० साली मेकस यांनी ‘ॲन्थॉलॉजी फिल्म अर्काइव्ह्ज’ उघडले, तेव्हा जतन करण्याजोगे चित्रपट ठरविण्यासाठी त्यांनाही निवड समिती नेमावी लागली. हा आम्हांस त्यांचा पराभव वाटत नाही. दोन्ही दारे उघडी हवीत, एवढाच त्याचा अर्थ.

पण दारे उघडूनही आत कोणी आले नाही तर? ते ७,००० सभासद वर्षाच्या आरंभी पैसे भरीत, तेव्हा आपल्याला काय आवडेल हे त्यांस ठाऊक नसे. न आवडलेल्या चित्रपटानंतरही ते पुढल्या खेळाला येत. अपरिचिताला दिलेल्या या उधारीवर ते चित्रपट जगले. व्याख्यानाला येऊन बसणाऱ्या आपल्यासारख्यांना ही उधारी परकी वाटू नये.