कूटदन्त सुत्त आणि खानदेशातील भिल्लांचा उठाव

बंड शमवावे कसे, हा प्रश्न राज्यसंस्थेइतकाच जुना आहे. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात राजा महाविजित महायज्ञ करू इच्छितो. राज्यात लूटमार माजली आहे. म्हणून नवा कर बसवू नये, असे पुरोहित त्यास बजावतो. वध, बंधन, दंड वा हद्दपारी यांनी 'दस्सुखील' उपटला जात नाही. जे वाचतात ते पुन्हा राज्यास पीडा देतात. म्हणून शेतकऱ्यास 'बीजभत्त', व्यापाऱ्यास भांडवल व राजसेवकास 'भत्तवेतन' द्यावे, असा त्याचा सल्ला आहे.

फैजपूरच्या उत्तरेस दिसणाऱ्या सातपुड्याने या सल्ल्याची कसोटी पाहिली आहे. १८१८ साली खानदेश कंपनी सरकारकडे आला. भिल्ल नाईकांचे परंपरागत हक्क व घाटरक्षणाचा मोबदला बुडाल्याने ते उठले. सरकारने प्रथम फौजा धाडल्या, वाटा रोखल्या, नाईकांना पकडले. परंतु उठाव थांबला नाही. अखेर १८२५ साली, एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना, धोरण पालटले. औट्रम यांनी भिल्ल पलटण उभारली व धरणगाव हे तिचे ठाणे झाले. भिल्ल एजन्सीमार्फत जमीन, बियाणे, बैल व तगाई देण्यात आली. सुत्तातील बीजभत्त व भत्तवेतन यांच्याशी असलेले हे साम्य लक्षणीय आहे.

तथापि हे साम्य बाह्य आहे. महाविजिताच्या कथेत प्रजेचे स्थैर्य हेच साध्य आहे. कंपनीला मात्र सुरक्षित वाटा व नियमित महसूल हवा होता. जे कृपेने दिले जाते ते मर्जी फिरताच काढूनही घेता येते. सेंधवा घाटाच्या रक्षणावर नेमलेले खाज्या नाईक १८५७ मध्ये सरकारविरुद्ध उठले. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणी येथे लढाई झाली व पकडलेल्यांपैकी अनेकांना तडकाफडकी चौकशी करून गोळ्या घालण्यात आल्या. म्हणजे तीस वर्षांनंतर सरकार पुन्हा वधाकडेच वळले. पुढे १८७८ च्या वन कायद्याने जंगलावरील वहिवाटही आकुंचित झाली.

या वहिवाटदारांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत आहे. ती कबुली सातबाऱ्यावर किती उतरते, यावरच बंडाचा खीळ उपटला की केवळ वरून छाटला, हे ठरेल. पुरोहिताचा सल्ला दानाचा नसून राज्याच्या कर्तव्याचा आहे, हे म्हणूनच ध्यानी घ्यावयास हवे.