सागरापार नेलेली लेकरे

हुबळी-धारवाडची आपली मंडळी आता मुलाबाळांसह युरोपास जाऊन येतात, त्याचे कोणास नवल वाटत नाही. परंतु समुद्र ओलांडणे हाच दोष मानला जाई व परतलेल्यास प्रायश्चित्त सांगितले जाई, त्या काळी एका मातेने हे साहस केले होते.

सनदी नोकरीत निवडले गेलेले पहिले हिंदी गृहस्थ सत्येंद्रनाथ ठाकूर हे मुंबई इलाख्यात अधिकारी होते. त्यांची कन्या इंदिरा १८७३ साली विजापुरास जन्मली. पुढे ते कारवारास न्यायाधीश असताना, १८८३ साली, धाकटे बंधू रवींद्रनाथ तेथे येऊन राहिले. असे हे कुटुंब बंगालचे खरे, तरी आपल्या मुलखाशी जडलेले.

१८७७ साली सत्येंद्रनाथांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी तीन लहान मुलांना घेऊन आगबोटीने विलायतेस गेल्या. पती सोबत नव्हते. त्या स्वतः गरोदर होत्या. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्याने वाट आखूड झाली होती, तरी प्रवास कित्येक आठवड्यांचा. त्यांनी पुढे ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी बिऱ्हाड थाटले. १८७८ साली पती व रवींद्रनाथ तेथे येऊन मिळाले. धाकटा मुलगा मात्र मायदेशी परतला नाही, तिकडेच निवर्तला.

आज विमान आठवड्यांची वाट काही तासांत संपविते. लेकराची झोप, भूक व थकवा मात्र तेव्हाचेच आहेत. म्हणून पहिल्या प्रवासात गावे दोनच घ्यावीत, बिऱ्हाड वारंवार हलवू नये, विसाव्याचे दिवस राखून ठेवावेत. कुलदेवतेपुढे नारळ ठेवून अवश्य निघावे. बेताचे माप मात्र वडिलांच्या हौसेचे नव्हे, लेकराच्या पावलांचे असावे.