जहाजवाहतूक व सागरी सस्तन प्राणी (कोकण किनारा)

जहाजांची ये-जा, आवाज व वेग यांमुळे देवमासे, डॉल्फिन आणि पॉरपॉइज यांच्या अधिवासावर होणारा परिणाम. महाराष्ट्रात हा प्रश्न प्रामुख्याने कुबडी डॉल्फिन (सूसा प्लंबिया; स्थानिक नाव गादा) व पंखहीन पॉरपॉइज या किनाऱ्यालगतच्या जातींचा आहे.

अधिवास : गादा बहुधा २५ मी.पेक्षा उथळ पाण्यात, खाड्यांच्या मुखांशी मासे धरतो. बंदरांनाही हीच ठिकाणे सोयीची. न्हावा-शेवा (१९८९) मुंबईच्या खाडीत, जयगड (२००९) शास्त्री नदीच्या मुखाशी, तर दिघी राजपुरी खाडीत आहे. खोल समुद्रातल्या देवमाशाला वाट बदलायला जागा असते. गाद्याला किनाऱ्यालगतच्या अरुंद पट्ट्याबाहेर जाता येत नाही. त्यामुळे तो बंदराच्या पाण्यात दिसतो म्हणून त्याला उपद्रव नाही, असे अनुमान काढणे चूक आहे. गाळउपसा, भराव व मासेमारीची जाळी यांचा परिणाम जहाजांच्या परिणामापासून वेगळा काढणे कठीण असते.

आवाज : मोठ्या जहाजांच्या पंख्यांचा आवाज मुख्यतः १,००० हर्ट्झच्या खाली असतो. मोठे देवमासे याच पट्ट्यात एकमेकांना साद घालतात. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेतील हल्ल्यांनंतर वाहतूक मंदावली, तेव्हा कॅनडाच्या फंडी उपसागरात आवाज ६ डेसिबलने घटला आणि तेथील राइट देवमाशांच्या विष्ठेतील ताणसंप्रेरकेही कमी आढळली. यांत्रिक होड्यांचा आवाज अधिक कंप्रतेचा असल्याने डॉल्फिनच्या शिट्ट्या झाकल्या जातात.

धडक : प्राणघातक धडका बहुतांशी ८० मी. किंवा अधिक लांबीच्या व १४ नॉट किंवा अधिक वेगाच्या जहाजांमुळे होतात. अरबी समुद्रातील कुबडे देवमासे स्थलांतर करून ध्रुवाकडे जात नाहीत. ओमानमध्ये उपग्रहयंत्र लावलेली ‘लुबान’ ही मादी २०१७-१८ मध्ये भारताच्या दक्षिण टोकापर्यंत येऊन परतली. या प्रवासात जहाजमार्ग ओलांडणे अटळ असते. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला सुमारे ४२ फुटी निळा देवमासा किनाऱ्याला लागून मेला. त्याचा संबंध धडकेशी जोडता येत नाही.

पर्यटन : दापोली, तारकर्ली व गोव्यात डॉल्फिनदर्शनाच्या होड्या चालतात.

उपाय : बॉस्टनजवळचा जहाजमार्ग २००७ मध्ये सरकवण्यात आला, श्रीलंकेच्या दक्षिणेला एका मोठ्या कंपनीने २०२२ मध्ये आपली जहाजे अधिक दूरवरून नेण्यास सुरुवात केली. खाडीमुखाशी पर्यायी मार्ग नसतो, म्हणून तेथे वेगमर्यादा हाच व्यवहार्य उपाय ठरतो. डहाणूजवळील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली; तेथे ही मर्यादा पहिल्या जहाजापासूनच लागू व्हायला हवी.