चाकोल्या, गाठ्या आणि चैत्राची आरास

स्मरणिकेत इमारतीचा इतिहास येईलच. प्लॉट कसा मिळाला, बोअरला पाणी कितव्या फुटावर लागलं, पहिली सर्वसाधारण सभा कुणाच्या गच्चीवर झाली, हे आपले माजी सचिव माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मला लिहायचंय ते होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आपल्या घरांत हातानं जे जे बनत आलं त्याबद्दल. त्यालाही इतिहास आहे, फक्त तो मिनिट बुकात नोंदवलेला नाही.

आधी ऋतूचं सांगते. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. पण नागपुरात चैत्र म्हणजे कूलर धुऊन खिडकीत बसवायचे दिवस. आपला खरा वसंत फाल्गुनातच उरकतो. रामटेककडे निघालं की दोन्ही बाजूंना पळस पेटलेला दिसतो, आणि पंधरा-वीस दिवसांत सगळं झडून जातं. म्हणून आपल्याकडची हातकामं पाडव्याची वाट बघत नाहीत. ती होळीच्या आधीच सुरू होतात.

पहिलं काम चाकोल्यांचं. पुण्याकडच्या मंडळींना चकोल्या म्हटलं की वरणफळं आठवतात. आपल्या चाकोल्या शेणाच्या. तळहाताएवढी चपटी गोवरी थापायची, ओली असतानाच बोटानं मध्ये भोक पाडायचं, उन्हात खडखडीत वाळवायची आणि सुतळीत ओवून माळ करायची. गोल तर असतातच, पण चंद्र, सूर्य, चांदणी, विड्याचं पान हे आकार करण्यात मुलांची चढाओढ असते. ही माळ होळीला घालायची. कष्ट करून केलेली वस्तू त्याच रात्री जाळून टाकायची, याचं लहानपणी मला फार वाईट वाटायचं. सोसायटी झाली तेव्हा पहिल्या होळीला आम्ही चार-पाच जणींनी गोठ्यातून घमेलंभर शेण आणून गच्चीवर चाकोल्या थापल्या. कमिटीकडे आलेली पहिली लेखी तक्रार त्याच वासाची होती. पण तक्रार करणाऱ्यांचीच दोन्ही लेकरं दुसऱ्या दिवशी गच्चीवर शेणात हात घालून बसलेली होती, त्यामुळे अर्ज निकाली निघाला.

रंग घरीच व्हायचा. पळसाची फुलं रात्री पाण्यात भिजत घालायची, सकाळी उकळायची, की केशरी पाणी तयार. हा रंग मागे का पडला, याचं उत्तर लंडनमध्ये आहे. १८५६ साली विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा कोळशाच्या डांबरापासून मलेरियावरचं क्विनाईन करायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग. तिथून कृत्रिम रंगांचे कारखाने उभे राहिले, आणि पुढे केव्हातरी पुडीतला रंग आपल्या होळीतही आला. पुडी स्वस्त, पक्की आणि उकळायची भानगड नाही. आयांनी ती घेतली यात नवल नाही. पळसाचा रंग एका धुण्यात जातो, हे त्या काळी कुणाला गुण वाटत नव्हतं.

आता गाठ्या. सोसायटीत नव्यानं आलेल्या एका पुण्याच्या वहिनींनी मला विचारलं होतं, "तुमच्याकडे गाठी होळीलाच कशी हो घालतात? ती तर पाडव्याची ना?" त्यांचंही बरोबर होतं. पश्चिम महाराष्ट्रात साखरेची गाठी गुढीला बांधतात. आपल्या विदर्भात होळीला ती आधी लहान मुलांच्या गळ्यात पडते. मामा आणतो, आजी आणते, शेजारचे आणतात, आणि धुळवडीच्या दुपारपर्यंत लेकराच्या गळ्यात निम्मी माळ आणि निम्मा नुसता चिकट दोरा उरतो. मला विचाराल तर आपली पद्धत बरी. बांबूला साखरेचं काय कौतुक!

इतवारीत होळीच्या आधी गाठ्यांच्या भट्ट्या लागतात. पण बी विंगमधल्या आजी गाठ्या घरीच पाडत. त्यांच्याकडे माहेरून आलेले सागवानी साचे होते, दोन फळ्या जुळवून दोरीनं आवळायचे. साखरेचा पाक कढत ठेवायचा, त्यात थोडं दूध घालून वर आलेली मळी काढायची, साच्याच्या खाचेत दोरा ताणून पाक ओतायचा. दहा-पंधरा मिनिटांत गाठी घट्ट होते. साचा आधी ओला केला नाही तर ती निघत नाही, आणि पाक जरा पुढे गेला तर पिवळी पडते. "घाई करून राहिली तू," हे वाक्य प्रत्येक मुलीनं त्यांच्याकडून ऐकलेलं आहे.

घरची गाठी म्हणताना मला साखर आठवते, कारण ती कधीच घरची नव्हती. शर्करा हा शब्द आपला, इराणात तो शकर झाला आणि पुढे जात जात इंग्रजांचा शुगर झाला. पण माझ्या आजीच्या लहानपणी बाजारात येणारी पांढरी दाणेदार साखर पुष्कळदा जावा बेटातून आलेली असे. १९३२ मध्ये सरकारनं बाहेरच्या साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि काही वर्षांत देशात कारखाने भराभर वाढले. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी कारखाना सुरू झाला आणि महाराष्ट्र साखरेचाच प्रदेश होऊन बसला. (गंमत म्हणून सांगते: साखर कारखाने आणि आपली सोसायटी एकाच कायद्याची लेकरं आहेत, १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम. पुढच्या वार्षिक सभेत भांडण झालं तर ही माहिती उपयोगी पडेल.) तरी माझ्या लहानपणी महालातल्या आमच्या वाड्यात साखर रेशनची होती. आई संक्रांतीनंतर चहा गुळाचा करायची आणि वाचलेली साखर डब्यात दडवून ठेवायची. पाच भावंडांना पाच गाठ्या व्हायच्या आणि सहावी शेजारच्या मुलीला, कारण तिच्या घरी करणारं कुणी नव्हतं.

माझ्या भाचीच्या ऑफिसात एक बल्गेरियन बाई आहे. तिच्याकडे १ मार्चला लाल-पांढऱ्या दोऱ्याचा गोंडा करून एकमेकांना देतात, मार्तेनित्सा म्हणतात त्याला. पहिला करकोचा किंवा पहिलं फुललेलं झाड दिसेपर्यंत अंगावर ठेवायचा, मग झाडाला बांधायचा. २०१७ मध्ये युनेस्कोनं ही चाल आपल्या वारसा यादीत घेतली. भाचीनं फोटो पाठवला तेव्हा आजी म्हणाल्या, "दोरा तर आहे, साखर कुठाय?"

पाडव्याबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. एवढंच सांगते की गुढी हा शब्द १२९० च्या ज्ञानेश्वरीत आहे आणि तिथं तो आनंदाची, विजयाची खूण म्हणून येतो, एका ठरावीक तिथीपुरता नाही. कडुनिंबाची डहाळी आणि आंब्याच्या पानांचं तोरण आपल्या कंपाऊंडमधल्या दोन झाडांवर पंचवीस वर्षं निभावलं आहे.

खरी आरास चैत्रगौरीची. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर तिचं कौतुक चालतं. पायऱ्या मांडून त्यावर स्वच्छ साडी, कलिंगडाचं कापलेलं कमळ, मोगऱ्याच्या माळा, काचेच्या नळ्यांची तोरणं, क्रोशाचे रुमाल, मुलींची खेळणी. वाटली डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. आमच्याकडे एक छोटी भेटही असायची: कूलरच्या ताटीतून उरलेल्या वाळ्याला सुती कापडाची किनार शिवून केलेला हातपंखा. पाणी शिंपडून वारा घेतला की वास येतो. बाजारात आता याहून देखणे मिळतात, पण त्यांची किनार चिकटवलेली असते आणि पाणी लागलं की सुटते.

अंगणात चैत्रांगण काढायचं. सूर्य, चंद्र, शंख, चक्र, स्वस्तिक, गोपद्म, कासव, नाग, हत्ती, तुळशीवृंदावन, फणी, करंडा, आरसा, आंब्याची डहाळी आणि मधोमध पाळण्यातली गौर. कुणी ५१ चिन्हं मोजतं, कुणी त्याहून जास्त. फ्लॅटला अंगण नाही, लॉबीतल्या गुळगुळीत टाइल्सवर रांगोळी ठरत नाही आणि सकाळी पोछा फिरतो. तेव्हा आम्ही प्लायवूडच्या तुकड्याला गेरू लावून त्यावर चैत्रांगण काढायला लागलो. तो बोर्ड अजून आहे. मात्र त्यावरची चिन्हं दरवर्षी दोन-तीननं कमी होताहेत, हे मी मोजलं आहे.

आता जे लिहिणार आहे ते काहींना आवडणार नाही. ही सगळी आरास ज्यांच्या हातची असायची त्या बी विंगच्या आजी हळदीकुंकवाला हॉलमध्ये येत नसत. आदल्या रात्री पायऱ्या मांडून, कमळ कापून, डाळ वाटून त्या घरी जात. त्यांचे यजमान सोसायटी होण्याआधीच गेले होते. कुणी त्यांना येऊ नका म्हटलं नव्हतं, आणि कुणी या असंही म्हटलं नव्हतं. विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्यानं परवानगी मिळाली तीही १८५६ मध्ये, पर्किनच्या जांभळ्या रंगाच्याच साली. तो रंग घरोघर पोचला. विधवेला हळदीकुंकवाचं बोलावणं मात्र पोचलं नाही, कारण ते द्यायचं काम कायद्याचं नव्हतं, आपलं होतं.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारनं त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तसं करायचं आवाहन केलं. पेपरातलं ते कात्रण आपल्या नोटीस बोर्डावर कुणी लावलं हे आजही गुपित आहे. पुढच्या चैत्रात महिला मंडळाच्या बैठकीत दोन तास वाद झाला. परंपरा मोडते, असं एक बाजू म्हणाली. दुसरीनं विचारलं, शेण गच्चीवर गेलं, अंगण प्लायवूडवर आलं, तेव्हा कोणती मोडली? शेवटी कार्डावर "चैत्रोत्सव, सर्व महिलांसाठी" असं छापलं. दारात तबक एकच: हळदकुंकू, मोगऱ्याचा गजरा, अत्तर. ज्यांना जे हवं ते त्यांनी घ्यावं. दोन घरं त्या वर्षी आली नाहीत. त्यातलं एक अजूनही येत नाही.

आजी आल्या. आराशीजवळच्या खुर्चीत बसल्या, गजरा घेतला, डाळ खाल्ली आणि मला जवळ बोलावून म्हणाल्या, "मीठ कमी आहे." पुढच्या वर्षी डाळीचं मीठ त्यांनीच बघितलं.

आता त्या नाहीत. जाण्याआधी साचे सोसायटीला देऊन गेल्या. ऑफिसच्या कपाटात खालच्या कप्प्यात, जुन्या ऑडिट फायलींच्या मागे, धोतराच्या कापडात बांधलेले सात साचे आहेत. त्यातल्या एकाची फळी तडकलेली आहे, तिला सुताराकडे नेलं पाहिजे. होळीच्या आधीच्या रविवारी दुपारी चारला ते माझ्या गॅलरीत लागतील. साखर मी आणते. पांढरा सुती दोरा आणि वाळवायला एक-एक परात ज्यानं त्यानं आणावी, आणि चैत्रांगणातलं एखादं चिन्ह घरच्या मोठ्यांना विचारून कागदावर काढून आणलं तर बोर्डावर जागा भरपूर आहे.